आपल्या पेठेचा इतिहास कसा जपायचा: सोलापुरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या इतिहासातले मोठे प्रसंग लिहून झाले आहेत. सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं, भुईकोट किल्ला, १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, चीनमध्ये रुग्णसेवा करता करता १९४२ साली गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, या सगळ्यांबद्दल शोधलं तर वाचायला मिळतं. लिहायचं राहिलं आहे ते रोजचं शहर. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल आल्या. तेलंगणातून, कर्नाटकातून, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून माणसं आली आणि पेठा भरल्या. भोंग्यावर उठणारं घर, विड्या वळून मुलांच्या फिया भरणारी बाई, हातमाग विकून यंत्रमाग घेणारं कुटुंब यांची नोंद फारशी कुठे नाही. लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात बंद पडली. तिथे तरुणपणी लागलेला कामगार आज सत्तरीत आहे. त्याच्याकडे जायचं असेल तर या वर्षीच जायला हवं.

हे काम करायला पदवी लागत नाही. फोन, वही, थोडी चिकाटी आणि दुसऱ्याच्या घरात कसं बसायचं याची समज एवढं पुरतं. दोन नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. पहिला: मूळ वस्तू घरातून हलवायची नाही, तिची प्रत घ्यायची. दुसरा: जे गोळा कराल ते वर्षाच्या आत त्याच गल्लीत परत न्यायचं. सोलापुरात आजवर कुणी चौकशी करायला आलंच नाही असं नाही. आलेली माणसं फोटो घेऊन गेली, मुलाखती घेऊन गेली, आणि त्याचं पुढे काय झालं ते गल्लीला कळलं नाही. दार उघडताना लोकांच्या चेहऱ्यावर जो संशय दिसतो तो तिथून आलेला आहे.

पहिली पायरी: एकच जागा धरा

‘सोलापूरचा इतिहास’ असा विषय घेऊ नका. एक पेठ घ्या, शक्यतो एकच गल्ली. साखर पेठेतला एक बोळ, मंगळवार पेठेतली चाटी गल्ली, मुरारजी पेठेतली एखादी चाळ, रेल्वे लाईन्समधली चार घरं. तुमची ओळख जिथे आहे तिथून सुरुवात करा, कारण पहिली पाच दारं ओळखीवरच उघडतात.

जागा ठरली की एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, ती पायी फिरा. हातात कागद ठेवा आणि साधा नकाशा काढा: घरं, विहीर किंवा तिची बुजवलेली जागा, देऊळ, मशीद, तालीम, दुकानं, कारखान्याची भिंत. पाट्या वाचा. देवळाच्या पायरीवर आणि घराच्या चौकटीवर कोरलेली सालं टिपून घ्या. शक साल असेल तर त्यात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फरक पडतो, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावं तर आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. जिथे वेस उभी होती ती जागा नकाशावर नेमकी दाखवता आली तर जुन्या गावाची कड कुठून जात होती ते डोळ्यांसमोर येतं. नव्या माणसांना घेऊन करण्यासारखं याहून चांगलं पहिलं काम मला माहीत नाही.

दुसरी पायरी: आधी थोडं वाचून जा

थोडंच. वाचण्यात सहा महिने गेले तर माणसं निसटतात.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, सोलापूरचा खंड १८८४ साली निघाला. तो इंटरनेटवर मोफत मिळतो. पेठांची, बाजाराची, विणकामाची त्यातली माहिती उपयोगी आहे, पण ती साहेबाच्या नजरेतून लिहिलेली आहे हे लक्षात ठेवून वाचा. जातींविषयीची त्यातली विधानं जशीच्या तशी उचलून गल्लीतल्या प्रदर्शनात लावू नका. इंग्रजी कागद शोधताना शहराचं नाव ‘शोलापूर’ या जुन्या स्पेलिंगनेही शोधा, नाहीतर अर्धे कागद सापडतच नाहीत. महापालिका १९६४ साली झाली, त्यामुळे त्याआधीचे कागद नगरपालिकेच्या नावाने असतात.

शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. तिथे जुने अंक आणि स्थानिक पुस्तकं विचारा, आणि ग्रंथपालांना आपलं काम नीट समजावून सांगा. सरकारी दफ्तरासाठी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं पेशवे दफ्तर ही दोन ठिकाणं. तिथे पहिल्याच महिन्यात जायची गरज नाही. प्रश्न हातात आला की जा. घरात मोडी कागद निघाले तर घाबरू नका, फेकू तर अजिबात नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात, आणि मोडी वाचणारी माणसं प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

तिसरी पायरी: माणसांशी बोला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग करू नका. बसा, चहा घ्या, का आलो ते सांगा, नकाशा दाखवा. नकाशा पाहिला की माणूस आपोआप बोलायला लागतो: ‘हे घर इथे नव्हतं, इथे हौद होता.’ परत केव्हा येऊ ते विचारून निघा. यंत्रमागाच्या शेडजवळच्या घरात बोलायचं असेल तर सुट्टीचा दिवस विचारा. मागांच्या खटखटाटात रेकॉर्डिंग होत नाही. पण तो खटखटाट मात्र वेगळा दोन-तीन मिनिटं टिपून ठेवा. तो आवाजही पुढे कुणाला ऐकायला मिळेल याची खात्री नाही.

सोलापूर चार भाषांत बोलतं. पूर्व भागात पद्मशाली घरांत तेलुगू, लिंगायत घरांत कन्नड, कितीतरी घरांत उर्दू-दखनी, आणि या सगळ्यांची मिळून झालेली सोलापुरी मराठी. आजी ज्या भाषेत स्वयंपाकघरात बोलते त्याच भाषेत तिची मुलाखत व्हायला हवी. तुम्हाला ती येत नसेल तर त्याच घरातली नात किंवा शेजारची शिकलेली मुलगी सोबत घ्या. पाहुण्यासाठी मराठीत बोलताना माणूस कामापुरतं सांगतो, आपल्या भाषेत तो मनातलं सांगतो. आणि लिहून काढताना भाषा धुऊन-पुसून घेऊ नका. ‘काय करलालास’ म्हटलं असेल तर ‘काय करतोस’ लिहू नका.

प्रश्न लहान आणि हाताला लागतील असे विचारा. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ यावर कुणालाच बोलता येत नाही. हे विचारून पाहा: पहिला पगार कुणाच्या हातात दिला? भोंगा किती वेळा व्हायचा, आणि रात्रपाळी असली की मुलं कुठे झोपायची? बदली कामगार (कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतला जाणारा) म्हणून गेटवर उभं राहिल्यावर आत कुणाला घ्यायचं ते कोण ठरवायचं? संपात घर कशावर चाललं? मिल बंद झाल्याचं कसं कळलं, आणि त्या दिवशी तुम्ही काय केलंत?

विडी वळणाऱ्या अक्कांशी बोलताना त्यांचे हात चालू असतात. ते थांबवायला लावू नका, कारण त्यांची मजुरी विड्यांच्या हिशेबावर असते. पानं कधी भिजवायची, कात्रीने कशी कापायची, तंबाखू किती, दोरा कसा मारायचा हे त्यांच्या हातांकडे बघत विचारा. तपासणीत बाद झालेल्या विड्यांचं काय व्हायचं हेही विचारा, त्यावर त्या भरपूर बोलतात. कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची मोठी वसाहत उभी राहिली. तिथली घरं कशी मिळाली, मोर्चात कोण कोण होतं, स्वतःच्या नावाचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा घरात काय नेलं, हे त्या बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं जपलं गेलं पाहिजे. कामगार चळवळीच्या इतिहासात नेत्यांची भाषणं सापडतात. मोर्चाला येताना पोळीभाजी बांधून आणणाऱ्या बाईचं नाव सापडत नाही.

रेकॉर्डिंगचं तंत्र सोपं आहे. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन माणसापासून हातभर अंतरावर कापडावर ठेवा. शर्टाला लावायचा छोटा माइक मिळाला तर फार उत्तम. सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता पूर्ण साठवणारी) फाइल निवडता येत असेल तर ती निवडा. सुरुवातीला तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि तुमचं नाव मोठ्याने म्हणा. तासाभरात थांबा. म्हाताऱ्या माणसाला थकवू नका, आणि तो गप्प बसला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पुष्कळदा त्या शांततेनंतरच खरी गोष्ट येते.

परवानगी लेखी घ्या, पण कागद एका पानाचा आणि त्यांच्या भाषेतला असू द्या. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: गल्लीत ऐकवायला चालेल का, वाचनालयात ठेवायला चालेल का, इंटरनेटवर टाकायला चालेल का. ‘हो’ म्हणणारा माणूस तिन्हींना हो म्हणत असतो असं धरून चालू नका. आणि नंतर नको म्हणाले तर काढून टाकायचं, हेही त्याच पानावर लिहून द्या.

चौथी पायरी: कागद, फोटो, कापड

घरात काय शोधायचं? गेटपास, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा कागद, युनियनची पावती, विडी कामगाराचं ओळखपत्र, जुनं रेशनकार्ड, तेलुगू किंवा कन्नडमधली लग्नपत्रिका, चादरीवर चिकटवायचं जुनं लेबल. लोक म्हणतात, ‘आमच्याकडे काही नाही हो.’ मग पत्र्याची पेटी उघडते.

फोटो स्कॅन करायचा तर ६०० डीपीआय (इंचाला किती ठिपके, म्हणजे बारकावा), साधा कागद ३०० डीपीआय. मूळ फाइल टिफमध्ये (मोठी, पण बारकावा न गमावणारी), वाटायला जेपेग (छोटी). फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. स्कॅनर नसेल तर फोनवर घ्या: फोटो खिडकीशी सपाट ठेवून, फ्लॅश न मारता, शेजारी एक पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, फ्रेमसकटच प्रत घ्या.

जपणुकीत तीन गोष्टी कधीच करायच्या नाहीत: लॅमिनेशन, सेलोटेप आणि फोटोच्या मागे बॉलपेन. लॅमिनेशन कागदाला उष्णतेने कायमचं प्लास्टिकमध्ये कोंडतं, ते परत सोडवता येत नाही. नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. आपल्याकडे ओलाव्यापेक्षा धूळ आणि ऊन जास्त छळतात. पेटी पत्र्याच्या छपराखाली वरच्या फळीवर असेल तर खाली आणायला सांगा, भिंतीपासून थोडी लांब, विटांवर. जुनी चादर किंवा इरकल धुतलेल्या सुती कपड्यात गुंडाळा आणि वर्षातून दोनदा घडी बदला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं कापड तिथेच विरतं.

हे सगळं घरच्यांना शिकवून या. वस्तू तुमच्याकडे आली तर ती तुमच्या नोकरी-बदलीबरोबर फिरेल. ती ज्यांची आहे त्यांच्याकडेच नीट राहिली तर पुढच्या पिढीला आपल्याच घरात सापडेल.

पाचवी पायरी: नोंद

कंटाळवाणं काम आहे, आणि इथेच बहुतेक उपक्रम मरतात. प्रत्येक वस्तूला आणि रेकॉर्डिंगला एक क्रमांक द्या. एक वही किंवा एक्सेलचा तक्ता ठेवा: क्रमांक, काय आहे, कुणाकडे आहे, कधीचं, कुठलं, फोटोत डावीकडून कोण कोण, कुणी सांगितलं, परवानगी कशाची. त्याच रात्री भरा. फोनच्या गॅलरीत पडलेला नाव नसलेला फोटो वर्षभराने तुम्हालाही ओळखता येणार नाही.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. पेनड्राइव्ह म्हणजे जपणूक नव्हे.

सहावी पायरी: खरं किती, ऐकीव किती

सोलापुरात १९३० हा विषय निघाला की प्रत्येक घरात एक कथा असते. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी शहरात गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घातली म्हणून शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही नुसती चार नावं वाचली तरी त्या वेळचं सोलापूर कुणाकुणाचं होतं ते दिसतं.

ते पाहिलेली माणसं आता राहिली नाहीत. आज जे सांगितलं जातं ते वडिलांकडून, आजीकडून आलेलं. म्हणून नोंदीत तीन खुणा करा: स्वतः पाहिलेलं, घरात ऐकलेलं, छापलेलं. ऐकलेल्या गोष्टीत तारीख चुकते, दोन दंगली एक होतात, कुणाचा तरी काका प्रत्येक मोर्चात असतो. ती गोष्ट टाकून देऊ नका आणि सुधारूही नका. तिच्याशेजारी छापील पुरावा ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील. ‘देशातलं पहिलं’, ‘आशियातलं सर्वात मोठं’ असं काही कानावर आलं की मात्र थांबा. नगरपालिकेची ठरावपुस्तकं, त्या महिन्यातली वर्तमानपत्रं, सरकारी गृहखात्याचे कागद यांपैकी दोन ठिकाणी आधार मिळेपर्यंत ते फलकावर लिहू नका. १९३० साली नगरपालिकेवर तिरंगा फडकवणारं धाडस पहिलं ठरलं की दुसरं, यावरून लहान होत नाही.

काही ठिकाणी कॅमेरा नंतर

सेटलमेंट भागात काम करायचं असेल तर हे आधी वाचा. १८७१ साली पहिल्यांदा आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं गेलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, मिलमध्ये कामाला पाठवलं. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

इथे बाहेरच्या माणसाने रेकॉर्डर घेऊन शिरू नये असं माझं ठाम मत आहे. ३१ ऑगस्टच्या कार्यक्रमाला जा, मागे बसा, ऐका. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना हे काम करायचं आहे का ते विचारा. त्यांना हवं असेल तर स्कॅनर द्या, तंत्र शिकवा, आणि काय सांगायचं, काय झाकून ठेवायचं, कोणतं नाव बदलायचं हे त्यांना ठरवू द्या. हजेरीच्या जुन्या नोंदवहीतलं एखादं नाव इंटरनेटवर टाकलं तर त्याच्या पणतवाला आज पोलीस चौकीत त्रास होऊ शकतो. असा कागद सापडला तरी तो आधी त्या घराचा, मग इतिहासाचा.

शेवटची पायरी: गल्लीत परत न्या

पुस्तक निघेपर्यंत थांबू नका. वीस-पंचवीस फोटो जमले की पुरे. मोठ्या आकारात छापा, गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधा, चिमट्यांनी लावा. खाली मराठीत दोन ओळी, आणि त्या गल्लीची जी दुसरी भाषा असेल तिच्यात दोन ओळी. तेलुगू लिहून द्यायला तेलुगू माध्यमाच्या शाळेतले गुरुजी मिळतात. प्रत्येक फोटोखाली कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवा: ‘यात कोण आहे?’ संध्याकाळपर्यंत निम्मे चेहरे ओळखले जातात, आणि तीन नव्या घरांतून ‘आमच्याकडेही आहेत’ असा निरोप येतो.

दिवस विचार करून निवडा. गड्ड्याच्या यात्रेत किंवा नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथाच्या गर्दीत कुणी उभं राहून वाचत नाही. त्याच्या आधीचा रविवार घ्या, कारण तोवर परगावी गेलेली लेकरं घरी यायला लागलेली असतात. पुण्याहून, हैदराबादहून, भिवंडीहून आलेला नातू आजोबांचा फोटो भिंतीवर पाहतो, आणि पुढची पेटी तोच उघडून दाखवतो.

पायी फेरी काढायची तर पंधरा-वीस माणसांपेक्षा जास्त नको. बोलणारे तुम्ही नका होऊ. प्रत्येक थांब्यावर तिथलाच कुणीतरी बोलेल असं आधी ठरवा आणि ओट्यावर बसायची परवानगी घरमालकाकडून घ्या. मुलाखतींतले तीन-तीन मिनिटांचे तुकडे व्हॉट्सअॅपवर गल्लीच्या गटात टाका. लांब रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही, पण आजीचा तीन मिनिटांचा आवाज घरोघर फिरतो.

इंटरनेटवर टाकताना हक्कांचं भान ठेवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो, आणि फोटोवर तो प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या भांडारात मुक्त परवान्याने (कुणीही वापरावं अशा परवानगीने) दिलेली गोष्ट परत मागता येत नाही, तेव्हा घरच्यांना हे समजावून सांगूनच द्या. जे सगळ्यांसाठी खुलं आहे ते इंटरनेट आर्काइव्हवर आणि कॉमन्सवर ठेवा. बाकीचं एका हार्ड डिस्कवर वाचनालयात, एक संच त्या भागातल्या शाळेत. ज्यांच्याकडून घेतलं त्या प्रत्येक घराला छापलेली प्रत हातात नेऊन द्या, डाउनलोडची लिंक नव्हे.

आणि नोंदवही पहिल्यापासून दोघांनी मिळून भरा. त्यातला एक जण तुमच्यापेक्षा किमान दहा वर्षांनी लहान आणि त्याच पेठेत राहणारा असू द्या. हार्ड डिस्क कुठे आहे, पासवर्ड काय, कुणाला परत काय द्यायचं राहिलं आहे, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत असलं पाहिजे.